शेवटी बाहेर पडणारा

हेस्टर प्रीसबाईंच्या पत्राला ऑब्रे गॉडसलने सव्वीस वर्षं उत्तर दिलं नव्हतं. 'तुम्ही दोघं आमचं टेकाड मोजायला आलात. खाली एकटेच उतरलात आणि जाताना फाटक उघडं ठेवलंत. दुसरे गृहस्थ यायचे असतील म्हणून मीही लावलेलं नाही. लावू का?'

ऑब्रे एकटाच गेला होता. पण फाटक त्याने उघडं ठेवलं होतं, हे खरं. वेल्सच्या सरहद्दीवरच्या त्या कुरणांत शेवटी बाहेर पडणाराच फाटक लावतो.

टेकाडावरचा, शेकडो वर्षांपूर्वीच्या नॉर्मन सरदाराचा लाकडी किल्ला केव्हाच कुजून गेला होता. मातीचं टेकाड आणि खंदक तेवढा उरला होता. त्या दिवशी माथ्यावर खुंटीला टेपचं टोक अडकवून ऑब्रे खंदकात उतरला आणि, जोडीदार असल्यासारखा, सवयीने म्हणाला, "ताण."

टेप वरून ताणली गेली. वहीत त्याने फक्त आकडा लिहिला.

आता बाईंचं दुसरं पत्र आलं होतं. त्या शेत सोडून चालल्या होत्या. तो भेटायला गेला.

बाई काठी टेकून दारातच उभ्या होत्या. "या. फारच लवकर आलात." मेंढ्या कितीदा रस्त्यावर गेल्या, नवरा मरेपर्यंत कसा कुरकुरत राहिला, सगळं त्यांनी ऐकवलं. सोमवारी नवा मालक फाटकाला साखळी घालणार होता.

"माझ्या हातून कुणी आत कोंडलं जायला नको," त्या म्हणाल्या.

ऑब्रे काहीतरी पुटपुटू लागला.

"तोंडी नको. जा, बघा, आणि लिहून कळवा. या खेपेला तरी."

दुपारचं स्वच्छ ऊन होतं. माथ्यावरचं गवत मेंढ्यांनी सारखं कुरतडलेलं होतं. खुंटीचं भोक अजून तिथेच होतं. त्याच्यामागे, शेजारी शेजारी, दोन पावलांएवढी माती उघडी होती. तिथे गवत उगवलंच नव्हतं.

त्याने टेपचं टोक त्या मातीवर नुसतं ठेवलं आणि खंदकात उतरला.

टेप ताठ झाली.

"चल," तो म्हणाला.

टेप सैल पडली.

उतारावरच्या मेंढ्या चरता चरता बाजूला झाल्या. एक वाट मोकळी झाली, फाटकापर्यंत. ऑब्रेने फाटक उघडं धरून ठेवलं. बराच वेळ. मग लावलं.

घरी त्याने तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'फाटक खुशाल लावा. वर आता कोणी नाही.'

टपालपेटी चार घरांपलीकडे होती. लगेच परतायचं म्हणून त्याने आपलं फाटक उघडंच टाकलं. घरात तो एकटाच राहत असे.

पत्र पेटीत पडलं. मागे, त्याच्या फाटकाची कडी कुणीतरी हलकेच लावली.