डॉसमधला नावाडी

"ती घेऊ नका, मॅडम."

सोलापूरच्या मंगळवार बाजारात जुने रेडिओ आणि तुटक्या मिक्सरांच्या ढिगाशेजारी प्रियदर्शनी उकिडवी बसली होती. हातात नुकतीच सापडलेली सीडी, कपाळावर घाम, आणि मनात आनंद मावत नव्हता. तिने मान वर केली. निळा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर… आणि वर एक हसरा चेहरा.

"का? खराब आहे?"

"सीडी झकास हाय. गेमचं वाटोळं केलंय. 'ग्रेमार्श' खेळायचा तर डॉसवरचा. हा विंडोजवाला म्हणजे बिनतिखटाची शेंगाचटणी की."

"मी शाळेत कॉम्प्युटरच शिकवते," ती म्हणाली. "दोन्हींतला फरक मला ठाऊक आहे. डॉसमध्ये सगळं पडद्यावर लिहून येतं आणि आपणही टाइप करून सांगायचं. विंडोजमध्ये माणसं बोलतात. मला बोलणाराच हवाय. माझ्या मामांना… दिसत नाही."

त्याने खांद्यावरची पिशवी सावरली. मग हळूच म्हणाला, "पण विंडोजवाला माऊसवर चालतो. माऊस कोण फिरवणार?"

"मी."

"मग खेळणार कोण?"

तिला राग आला. तिने दुकानदाराला पैसे दिले आणि सीडी पर्समध्ये टाकली.

"मी अमृत. केम गावचा. हितं टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करतो," तो मागून म्हणाला. "अडलं तर फोन करा."

"अडणार नाही."

"तरी नंबर घ्या की. नाही अडलं तर तसं कळवायला लागेल ना…"

तिने नंबर घेतला. का घेतला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

शहाजीमामा म्हणजे तिचं सारं जग. नातेपुत्यातल्या कोरडवाहू शेतावरून तिला शाळेसाठी टेंभुर्णीला आणलं ते मामांनी. हायवेच्या कडेला त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि त्या क्लासात पोरं इंग्रजी शिकली ती 'ग्रेमार्श' खेळत. पुरात बुडालेलं एक गाव, तिथली हरवलेली घंटा शोधायची आणि नावाड्याच्या नावेतून पलीकडे जायचं. 'टेक रोप', 'ओपन डोअर' असं टाइप केलं की गोष्ट पुढे सरकायची. स्पेलिंग चुकलं की गेम अडायचा आणि मामा पाठीवर थाप मारायचे. मामांनी लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, भाचीला मात्र एमसीए केलं. तिला सोलापुरात नोकरी लागली तसे तेही जुळे सोलापूर या उपनगरात तिच्याजवळ आले. आणि दोन वर्षांत काचबिंदूने त्यांचे डोळे नेले.

तेव्हापासून मामा कॉम्प्युटरच्या खोलीत गेले नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. विचारलं तर म्हणायचे, "बरा हाय मी." ज्या माणसाने आपल्याला उभं केलं, त्याला एकदा तरी हसताना ऐकावं, एवढंच प्रियाला हवं होतं. उपकार फेडायची भाषा तिला मुळीच करायची नव्हती. तो हसला की पुरे होतं.

रविवारी तिने मामांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याच जुन्या कॉम्प्युटरवर सीडी लावली. लाटांचा आवाज आला, वाऱ्याचा आला. मग नावाडी बोलला, भारदस्त, घोगरा, अस्सल विलायती.

"ह्यो कोण?" मामांनी विचारलं.

"नावाडी, मामा."

"न्हाय. माजा नावाडी असा बोलत न्हाय."

प्रियाने माऊस हलवला. डोळ्याच्या चित्रावर क्लिक केलं की बघायचं, हाताच्या चित्रावर केलं की उचलायचं. ती क्लिक करत राहिली आणि काय करतेय ते सांगत राहिली. मामांचे दोन्ही हात मांडीवर तसेच रिकामे पडून होते. थोड्या वेळाने ते उठले. "तू खेळ, बाळा. मी आतनं ऐकतो." आणि भिंत चाचपत खाटेकडे गेले.

प्रियाने डोळे पुसले, नाक पुसलं आणि फोन लावला.

"अडलं?" पलीकडून आवाज आला.

"लई," ती म्हणाली, आणि शाळेत जपून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून हा शब्द निसटला.

तासाभरात अमृत पेनड्राइव्ह घेऊन हजर. डॉसचा 'ग्रेमार्श' सुरू झाला खरा, पण इतक्या वेगाने, की पहिल्याच दारातलं कुत्रं एक अक्षर टाइप व्हायच्या आत चावून मोकळं. गेम मंद मशीनसाठी लिहिलेला, हे मशीन त्याच्या मानाने घोडाच. अमृतने एक छोटा प्रोग्राम टाकून घोड्याला लगाम घातला. मग खाटेजवळ जाऊन म्हणाला, "मामा, कीबोर्ड तुमचा. पडदा माझा. मी वाचणार, तुमी टाइप करायचं. जमंल का?"

मामांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग उठले.

कीबोर्डवर एफ आणि जे या अक्षरांना बारीकसा उंचवटा असतो. मामांच्या बोटांनी तो शोधला, आणि दहाही बोटं जणू कालच उठून गेल्यासारखी आपापल्या जागी बसली.

अमृत वाचू लागला. पण इंग्रजी नाही. पडद्यावरचं इंग्रजी त्याच्या तोंडून थेट केमच्या पाराला टेकून बाहेर येत होतं. "नावाडी म्हणतोय, 'कुटं निघालास रं ह्या पावसात? पलीकडं काय तुजी सासुरवाडी हाय व्हय?'"

आणि मामा हसले. आधी घशात, मग पोटातून.

प्रिया चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती तशीच उभी राहिली. या माणसाचे आभार कसे मानायचे, तिला सुचेना. निघताना ती जिन्यापर्यंत गेली. "अमृत, खरंच, थँक्…"

"हॅ," त्याने हात झटकला. "असलं काय नसतं हो आमच्याकडं. भाकरी वाढा पुढच्या रविवारी."

रविवारमागून रविवार आले. ज्वारीची कडक भाकरी, चटणी, दही, आणि मग 'ग्रेमार्श'. मामा टाइप करायचे, अमृत वाचायचा, आणि प्रिया मुद्दाम विंडोजची बाजू घेऊन भांडायची.

"आमच्या विंडोजमध्ये चुकलं तरी मरण नाही."

"मरायच्या भीतीशिवाय कसली मजा? आणि डॉसमध्ये मेलं तरी गेम आधी एक टोमणा मारतो, मग मारतो."

"आमच्यात घेण्यासारखी वस्तू असली की ती चमकते. लगेच कळतं."

"चमकल्याशिवाय कळत न्हाय व्हय तुम्हाला?"

"मला कळतं," ती भाकरी वाढत म्हणाली. "काही लोक शेजारी बसूनही नुसता पडदा वाचतात…"

अमृतच्या हातातला घास हातातच राहिला. मामा दही भुरकत होते. त्यांचे कान शाबूत होते.

आणि मग एका रविवारी विहिरीच्या तळाशी घंटा सापडली. आता फक्त नावेत बसायचं, की गेम संपणार. त्या संध्याकाळी सेव्ह करायचं काम प्रियाकडे होतं. विंडोजवाला गेम बाहेर पडताना आपोआप सेव्ह होतो. डॉसमध्ये ते आपल्याला करावं लागतं. नाही केलं तर गेलं सगळं पाण्यात. प्रियाने की दाबायला बोट पुढे केलं… आणि दाबलीच नाही. गेम संपला की रविवार संपले. अमृतला जिना चढायला कारण उरलं नसतं. तिने सेव्ह न करताच कॉम्प्युटर बंद केला. अमृत शेजारीच उभा होता.

पुढच्या रविवारी मामांनी दोन-चार वाक्यं टाइप केली आणि थबकले. "ही विहीर परत कुटनं आली? घंटा तर मागंच घावली होती. शेवू केलं न्हाय कुणी?"

प्रियाचे कान तापले.

"मी विसरलो, मामा," अमृत शांतपणे म्हणाला. "माजीच चूक."

त्याने तिच्याकडे पाहिलं. फक्त एकदाच. त्याला सगळं कळलं होतं, आणि पुन्हा त्याच विहिरीत उतरायला तो खुशाल तयार होता.

"बरं बरं," मामा म्हणाले. "चला, परत."

घंटा दुसऱ्यांदा सापडायला अख्खी दुपार गेली. शेवटी पलीकडे न्यायला नावाड्याची नाव काठाला लागली. मामांनी बोटं मोडली, खुर्ची मागे सारली. "प्रिया, शेवटचं वाक्य तू लिही. माजी बोटं थकली. अमृत, तू वाच. जे काय येईल ते समदं वाचायचं, गाळायचं न्हाय."

प्रिया कीबोर्डपाशी बसली. एक शब्द टाइप केला की नाव सुटणार होती. तिने दुसरंच काहीतरी लिहिलं.

अमृत सवयीने वाचायला गेला, आणि अडखळला.

"वाच की," मामा म्हणाले.

"लिवलंय… 'अमृतचे आभार मान.'"

"मग गेम काय म्हणतो?"

"म्हणतोय, 'हितं अमृत नावाचं कुणी न्हाय.'"

"आंधळा हाय गेम," मामा म्हणाले. "फुडं?"

प्रिया पुन्हा टाइप करू लागली. या वेळी वाक्य लांब होतं. अमृतने ते आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. "लिवलंय… 'अमृतला विचार, गेम संपला तरी तो रविवारी येईल का.'"

मामांनी कान पुढे केला.

"आणि गेम?"

"म्हणतोय… 'मला समजलं न्हाय. दुसऱ्या शब्दांत सांगा.'"

प्रियाने कीबोर्डवरून हात उचलले. खुर्ची पडद्यापासून वळवली ती सरळ त्याच्याकडे. "अमृत, मला तू आवडतोस," ती म्हणाली. "तू आमच्या घरात हसू आणलंस म्हणून मी तुझी ऋणी आहे, ते वेगळं. पण ते नसतं तरी आवडला असतास."

इतके दिवस नावाड्याची, कुत्र्याची, बुडालेल्या गावातल्या भुतांची वाक्यं बिनधास्त वाचणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सापडेना. "मी… बाजारात…" तो म्हणाला. "तू त्या दिवशी रागावून सीडी घेतलीस ना… तवाच आवडलीस. रविवार सोड, मी रोज येईन."

"हं. ह्ये वाचून दाखवायची गरज न्हाय," मामा म्हणाले. "ऐकलं मी."

त्यांनी हवेत हात पुढे केला. अमृतने तो धरला. मामांनी चाचपडत दुसऱ्या हाताने भाचीचं डोकं शोधलं आणि त्यावर तळवा ठेवला. त्यांचे न दिसणारे डोळे भरून वाहत होते, आणि ओठ हसत होते.

"दिवस सरत न्हवता रं माजा," ते अमृतला म्हणाले. "लई उपकार झाले, पोरा."

या वेळी अमृतने हात झटकला नाही. तो खाली वाकला आणि मामांच्या पाया पडला.