छताच्या काचेची शिट्टी

गुरुवारची रात्र, नऊ वाजून दहा मिनिटं झालेली. पोरांनो, माझा एक दोस्त, हाडाचा गाडीमिस्त्री, तेव्हा जावयाला घेऊन मोठ्या रस्त्यावर निघाला. गाडी त्याची स्वतःची, कुणाकडून तरी जुनी घेतलेली, छताला सरकती काच. साठच्या पुढे गेली की छतातून शिट्टी वाजायची, आणि शिट्टी वाजली की लेकीचं तान्हं बाळ रडून रडून निळं पडायचं. सकाळी तिला सासरी पोचवायचं होतं. तिने बापाला बजावलं होतं, आवाज गेला नाही तर मी बाळाला घेऊन बसने जाईन, पुन्हा तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही.

मिस्त्री रडकुंडीला आला होता. लोकांच्या गाड्यांचे आवाज घालवण्यात हयात गेली, आणि घरच्या गाडीपुढे हात टेकायची पाळी. काचेभोवतीचं रबर बदललं. तरी शिट्टी. मग वैतागून, काच रबरावर दाबून बसावी म्हणून तिचे स्क्रू आवळले. शिट्टी बारीक झाली, केविलवाणी. आणखी आवळले. ती आणखी केविलवाणी.

त्या रात्री तो फटीवर बाहेरून टेप लावत गेला. आधी पुढे, मग बाजूंना, मग मागे. दर वेळी जावयाने गाडी पळवायची, याने वर कान लावायचा. चारही बाजू बुजल्या, तरी वाजतंच होतं.

“मामा, आता ती टेप माझ्या कानांना लावा,” जावई म्हणाला.

“आधी तुमच्या तोंडाला लावतो, जावईबापू. घ्या गाडी बाजूला.”

गाडी थांबली. इंजिन बंद. झाडाचं पानही हलत नव्हतं.

शिट्टी चालूच होती...

शिट्टी नव्हतीच ती. खूप दुखल्यावर दातांतून श्वास ओढावा, तसं काहीतरी...

मिस्त्रीने टेप ओरबाडून काढली. मागच्या सीटवर राहिलेल्या बाळाच्या पिशवीतली पावडर रबरावर लावली. त्यांच्या धंद्यातली जुनी रीत ही. काच लावून उघडायची. जिथे ती रबराला टेकते तिथे काचेवर पांढरी रेघ उठते, जिथे उठत नाही तिथे फट. रेघ सगळीकडे नीट उठली. फक्त पुढच्या कडेला चार जागी तुटलेली. एकीला लागून एक. करंगळीहून बारीक.

पुसून पुन्हा केलं.

आता आठ. चार इकडे, चार तिकडे.

त्याने आपली बोटं त्या जागांवर धरून पाहिली... आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली.

“काय झालं, मामा?”

मिस्त्रीने घाईघाईने काच मागे सरकवली. आपण किती वेळा आवळलं, एवढंच त्याच्या डोक्यात.

काच सताड उघडी ठेवून गाडी घरी आणली. पळवत आणली. आवाज नाही.

सकाळी लेक बसने निघाली, तेव्हा बापाने एका शब्दाने अडवलं नाही. ती गेल्यावर गाडी पुसायला घेतली. पावडर त्याने लावली होती ती फक्त आतल्या रबराला. पण बाहेर, छताच्या पत्र्यावर, काचेच्या पुढे... दोन पांढरे पंजे. चिमुकले. वर येऊन, टेकून उभं राहिल्यासारखे.

तेव्हा पोरांनो, कुणी छताच्या काचेतून लेकरू वर उभं करून गाडी पळवताना दिसला, तर हात करून थांबवा. ओळख नसली तरी थांबवा, आणि हे त्याच्या कानावर घाला.