बोट पाण्यात सोडताना

“डोन्ट मूव्ह!” असं कुणीतरी ओरडलं, आणि मैत्री हलली.

ओरडणाऱ्याचा दोष नव्हता, पण हलू नको म्हटल्यावर न हलणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, खाली काहीतरी कर्रकन वाजलं आणि तिच्या तोंडून “आई गं!” निघालं.

“ओह… मराठी!” आवाज आनंदाने म्हणाला. “मग मराठीत सांगतो. हलू नको, प्लीज. तू माझ्या बोटीवर उभी आहेस.”

“बोट? कुठाय बोट?”

“तुझ्या खाली. एक पाय वर, एक पाय आत.”

अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या पलीकडे, मेरीलँडच्या बाजूला, तिच्या कडेकडेने एक जुना कालवा जातो. दुरुस्तीसाठी त्या शरदात त्याचं पाणी सोडून दिलेलं होतं. मैत्री अलीकडच्या ॲशबर्न गावाहून पूल ओलांडून शनिवारची एकटीच फिरायला आली होती आणि फोटोसाठी काठावरून जरा खाली उतरली होती. बारीक पाऊस होता. आसपास चिटपाखरू नव्हतं, आणि आता मांडीपर्यंत गार चिखल वर येत होता. ती मनापासून घाबरली.

तो चिखलावर एक लांब फळी टाकून त्या फळीवरून पोटावर सरपटत आला. चष्म्यावर थेंब, दाढीला गाळ, आणि चेहऱ्यावर असलं हसू, जणू पाहुणी चहाला आलीय.

“माझ्या खांद्याला धर. घट्ट. डरपोक आहेस का?”

“नाही!”

“मग नखं का रुतवतेस?”

पाय निघाला. बूट राहिला. “माझा बूट!” ती म्हणाली.

“तो आता हिस्टॉरिकल झाला.” मग काठावर धापा टाकत त्याने हात पुढे केला. “मी सुमंत लिमये. तू?”

“मैत्री.”

“मैत्री… पुढे?”

“नुसती मैत्री,” ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता उरलेल्या बुटाचा चिखल पुसायला लागली.

ती होती मैत्री गजभिये, नागपूरच्या इंदोऱ्याची. आंबेडकरी घर, बौद्ध, आणि घरात त्याचा अभिमान असा की दाराच्या पाटीवर आडनाव नावापेक्षा मोठ्या अक्षरात. लाज तिला कधीच वाटली नव्हती. भीती मात्र वाटायची, आणि ती पुण्याने दिली होती. तिथे एक मुलगा होता, त्याच्या घरी येणंजाणं होतं, लाड होते. मग एक दिवस त्याच्या आईने सहज आडनाव विचारलं. भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त त्याचे फोन यायचे थांबले.

सुमंतचं आडनाव ऐकताक्षणी तिने ठरवलं होतं की इथे पुन्हा यायचं नाही. पुढच्या शनिवारी नवे बूट घालून ती हजर झाली. मनुष्यस्वभाव, दुसरं काय!

सुमंत जन्माने इथलाच, आईच्या कृपेने मराठी बोलता येणारा, आणि सगळ्या जगाला ‘तू’ म्हणणारा. जुन्या लाकडी बोटी ओळखायच्या आणि दुरुस्त करायच्या, हे त्याचं काम. गाळातली ती बोट कालव्यातली मालवाहू होती. कोळसा भरायचा, काठावरून खेचरं दोर ओढत चालायची, आणि मागच्या टोकाच्या खोपटाएवढ्या खोलीत नावाड्याचं अख्खं कुटुंब राहायचं. गाळात हवा नसल्यामुळे तळ शाबूत राहिला होता. सुमंतच्या माणसांनी ती बाहेर काढून काठच्या कोरड्या हौदात ठेवली, आणि वरून ओली गोणपाटं घातली. लाकूड एकदम वाळलं तर तडकतं.

“माझी नोकरी डेटा सेंटरमध्ये, कूलिंगची,” मैत्री गोणपाटावर पाणी मारत म्हणाली. “आठवडाभर मशीनला थेंब लागू नये म्हणून मरते, आणि शनिवारी इथे पाणी मारत बसते.”

“म्हणजे मी तुला बिघडवतोय.”

“थोडंसं.”

“थोडंसंच?” तो चष्म्यावरून बघायचा, आणि तिच्या हातातल्या पाइपचं पाणी बोटीऐवजी त्याच्या पायावर जायचं.

बोटीच्या नावाची पाटी कुजून गेलेली. तरी सुमंत तिला ओळखू पाहत होता. फळ्या कशा जोडल्यात, खिळे कुठून ठोकलेत, पुढच्या खोलीत, जिथे खेचरं आळीपाळीने विसावायची, त्यांच्या नालांनी जमीन कशी झिजलीय, सगळं तो बोटांनी चाचपायचा. एका दुपारी त्याला कळलं की ती नदीच्या वरच्या अंगाला, एका लहानशा कारखान्यात बांधलेली होती. तिथल्या सुतारांची कोपरे सांधायची तऱ्हा वेगळी होती. त्याने आनंदाने मैत्रीला उचललंच.

“कुठली आहे ते कळल्याशिवाय मला चैनच पडत नाही,” तो म्हणाला. “तुला नाही असं वाटत?”

“नाही,” ती म्हणाली. “काही लोकांना एकदा कुठली आहे ते कळलं, की पुढे काही बघायचंच नसतं.”

त्याला ते बोटीबद्दलच वाटलं. त्याचे हात अजून तिच्या कमरेवर होते. ते काढावेत असं तिला अजिबात वाटत नव्हतं, आणि म्हणून ती जास्त घाबरली.

आणि मग पद्मजाकाकू आल्या. सुमंतची आई, निवृत्त डॉक्टर, हातात थालीपिठांचा डबा. तोंडाने गोड, नजरेने तपासणारी, आणि कुठलाही मराठी माणूस भेटला की दोन मिनिटांत त्याचा आपल्या नात्यात धागा जुळवणारी बाई.

“नागपूरची का तू? वा! आडनाव काय गं?”

सुमंत खाली वाकून खिळा काढत होता. मैत्रीला त्याच्या मानेवरचा घाम दिसला. पुण्याचा तो न वाजणारा फोन आठवला. तोंड उघडलं, आणि त्यातून जे आलं ते तिने कधी ठरवलेलं नव्हतं.

“नागपूरकर.”

आता, खोटंच बोलायचं तर जरा विचार करून तरी बोलावं! काकूंचे डोळे लकाकले. “नागपूरकर? अगं बाई! माझ्या भाचीच्या, ऋताच्या सासरी नागपूरकर आहेत. धरमपेठेतले का तुम्ही?”

“नाही… म्हणजे… लांबचे असतील.”

“लांबचे ते जवळचे करता येतात,” काकू म्हणाल्या, आणि मुलाकडे बघून असं काही हसल्या की सुमंतचे कान लाल झाले.

त्यानंतर मैत्रीची झोप उडाली. काकू फोनवर फोन करत राहिल्या. दर शनिवारी नवा नागपूरकर निघायचा; कुणी वकील, कुणी पोस्टमास्तर, आणि मैत्री प्रत्येकाला “नाही, ते नव्हेत” म्हणून परत पाठवायची. सुमंत तिच्याकडे पाहून हसला की तिला आधी बरं वाटायचं, मग धडधडायचं. तो हसतोय ते ज्या मुलीकडे, ती नागपूरकर होती.

“सांगून टाक ना यार,” तिच्यासोबत राहणारी मोनाली वैतागून म्हणाली. तीही नागपूरचीच, तिलाही सगळा प्रकार ठाऊक. “नंतर कळलं तर तो आडनावावरून नाही, खोटं बोललीस म्हणून जाईल.”

“आणि आत्ता सांगितलं तर?”

“तर कळेल तरी ना, की कशाला गेला!”

हे काही सांत्वन नव्हतं.

वसंतात बोट तयार झाली. कुजक्या फळ्या बदलल्या होत्या, फटींत डांबरातला ताग ठासला होता. हौदाचा दरवाजा उघडून कालव्याचं पाणी आत घ्यायचं, एवढंच राहिलं होतं. आत उतरून फटींवर लक्ष ठेवायला दोन माणसं लागणार होती.

“तू येशील?” सुमंतने विचारलं.

“मला पोहता येत नाही.”

“हौद कमरेइतकाच आहे. बुडायचं म्हटलं तरी जमणार नाही.”

काकू काठावर घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. दरवाजा वर गेला, पाण्याचा आवाज झाला आणि बोटीच्या पोटात अंधार एकदम जिवंत झाल्यासारखा वाटला. टॉर्चच्या उजेडात मैत्रीने पाहिलं, एका फटीतून पाण्याची बारीक रेघ आली. मग दुसऱ्या. मग सगळीकडून. पाणी घोट्याशी आलं.

“सुमंत! फुटली ही!”

“नाही फुटली. नव्या फळ्या मुद्दाम थोड्या सैल बसवतात. पाणी पिऊन लाकूड फुगतं, मग फटी बंद होतात. तोवर गळणारच. वाट बघायची.”

“किती?”

“ते लाकूड ठरवतं.”

पाणी पिंढऱ्यांवर आलं. बर्फासारखं गार. लाकूड कण्हत होतं. तिला वाटलं, आता सगळंच जाणार: ही बोट, हा माणूस, हे शनिवार. भीती इतकी वर आली की तिच्यापुढे लपवायला जागाच उरली नाही.

“माझं आडनाव नागपूरकर नाही,” ती म्हणाली. “गजभिये. मी खोटं बोलले.”

त्याने टॉर्च खाली केला. “ओके… का?”

“का काय! तुला खरंच कळत नाही?” तिचा आवाज चिरकला. “आम्ही बौद्ध आहोत. दलित. तू लिमये. तुझी आई माझ्यासाठी अख्ख्या महाराष्ट्रात नातेवाईक शोधतेय. एकदा हे सगळं होऊन गेलंय माझ्या बाबतीत, सुमंत. कळलं आणि संपलं. तसं तुझ्याबाबतीत झालं तर… मला नाही सहन होणार. मी तुझ्या प्रेमात पडलेय, आणि मला भयंकर भीती वाटतेय. झालं. सांगितलं.”

त्याने टॉर्च एका फळीला टेकवून ठेवला.

“मला राग आलाय,” तो म्हणाला. “तुझा नाही. म्हणजे… थोडा तुझा. तुला इतके महिने एकटीला घाबरावं लागलं, आणि मी शेजारी खिळे मोजत होतो. मला दिसायला हवं होतं.” त्याने तिचा हात धरला. “माझंही प्रेम आहे. पण आई काय म्हणेल, ते मला माहीत नाही. फाइन होईल, असं खोटं नाही सांगणार. मी सांगू तिला?”

“नाही. खोटं मी बोललेय.”

ती शिडी चढून वर आली. पँट ठिबकत होती, दात वाजत होते. काकू उठून उभ्या राहिल्या. “काय गं, बुडतेय का बोट?”

“काकू, मी नागपूरकर नाही. मैत्री गजभिये. इंदोऱ्याची. आम्ही बौद्ध आहोत. मी तुमच्याशी खोटं बोलले.”

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. गेलं ते तिला स्पष्ट दिसलं. त्या खुर्चीत परत बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि त्याचं झाकण घट्ट दाबलं. सुमंत मागून येऊन मैत्रीच्या शेजारी उभा राहिला. आईसमोर त्याने तिचा हात पुन्हा धरला आणि सोडला नाही.

“माझी भीती वाटली तुला?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“उगाच वाटली, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “तू आधीच सांगितलं असतंस, तर मी फोन केलेच नसते. आणि थालीपीठही आणलं नसतं, बहुतेक. हे मला आत्ता कळतंय, आणि आवडत नाहीये.”

हौदात बोट हळूच उचलली गेली आणि एका बाजूला कलून सरळ झाली. तिकडे कुणीच पाहिलं नाही.

“मला वेळ लागेल,” काकू म्हणाल्या.

“हो, काकू.”

“पण उपाशी बसवणार नाही मी कुणाला.” त्यांनी झाकण उघडलं आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, “मैत्री गजभिये! हात धुऊन या दोघं. गार होतंय.”

मैत्री बादलीपाशी जाऊन बसली. हातांवरचा चिखल निघता निघत नव्हता, आणि सुमंत तिच्या हातांवर हळूहळू पाणी घालत होता.