शाईची रेघ

को बो-शेंग दवाखान्यात आला तो आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. निदान तो तसं म्हणाला. पण उजवा हात खिशातच ठेवून डाव्या हातानं कार्ड पुढे करणारा माणूस नुसत्या गोळ्यांसाठी आलेला नसतो, हे डॉक्टर त्साय यी-रूनं तो खुर्चीत टेकायच्या आत ताडलं. तिची सवयच होती ती. आधी हात बघायचे, मग चेहरा. याचा चेहरा तिनं जरा उशिराच पाहिला... आणि मग पुन्हा एकदा पाहिला.

"खिशात काय आहे?"

"हात."

"दाखवा."

"पहिल्याच भेटीत हात मागता, डॉक्टरीणबाई? आमच्या गावात आधी चहा विचारतात."

नर्स लियेनमावशी खुदकन हसल्या. यी-रू हसली नाही. "मावशी, यांना चहा देऊ नका."

हात बाहेर आला. सुजलेला, लालबुंद.

"दारात सापडला," बो-शेंग म्हणाला.

"दारात सापडलेलं बोट निळं पडतं. ही कालवाची शिंप लागलीय. कडा बघा, करवतीसारख्या. काल ओहोटीला लागली असणार. आणि वरून तांदळाची दारू चोळलीत."

"तायपेईच्या डॉक्टरांना शिंपांचं काय कळतं?"

"मी पलीकडच्या वाडीतली. सहाव्या वर्षापासून आईशेजारी स्टुलावर बसून कालवं फोडलीत. दप्तर ठेवायचं नि सुरी उचलायची. किती दुखतंय?"

"थोडंसं..." तो म्हणाला. वरच्या ओठावर घाम डवरला होता. अंगात ताप होता, आणि लाली मनगटाच्या वर चढली होती.

यी-रूनं पेन काढलं, त्याचा हात आपल्या तळव्यावर घेतला आणि लाली जिथं संपत होती तिथं गोल रेघ ओढली. शेजारी लिहिलं — ११.१०. तिची बोटं गार होती. घटकाभर तो दुखणं विसरला.

"हे काय?"

"वेळ. रेघ ओलांडली की कळावं म्हणून." एकीकडे तिनं फोन उचलला होता. "मोठ्या हॉस्पिटलची गाडी वीस मिनिटांत येईल."

त्याचं हसू मावळलं. "उद्या पालखी आहे."

ते तिला ठाऊक होतं. अंगावर उघडी जखम असलेल्यानं समुद्र सांभाळणाऱ्या माझूदेवीच्या पालखीला खांदा द्यायचा नाही, असा इथल्या देवळाचा नेम. म्हणून पालखीच्या आठवड्यात या किनाऱ्यावर कुणालाच काही होत नसे. पालखी उतरली की दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारात ही रांग!

"तीन वर्षं कौल लावतोय मी. यंदा देवीनं दिला. लागोपाठ तीनदा!"

"माझ्या बाबांनाही दिला होता," यी-रू म्हणाली. "पायाला शिंप लागली होती. मी नऊ वर्षांची. पट्टी मीच बांधली, वर मोजा मीच चढवला. आईला सांगायचं नाही म्हणून करंगळीत करंगळी अडकवून शपथ घेतली. गाठ छान बसली होती... पालखी देवळात परतेपर्यंत सुटली नाही. तिसऱ्या दिवशी बाबा गेले."

"आणि मी हॉस्पिटलात गेलो नाही तर?"

"तर मी देवळात जाऊन सांगेन. गाव शिव्या घालेल, तुम्हीही घाला. जित्या माणसाच्या शिव्या मला चालतात." तिनं त्याच्या हाताकडे बोट केलं. "अकरा बावीस. बघा."

लाली रेघेच्या बोटभर पुढे सरकली होती.

त्यानं शर्टाखालून कमरेचा पिवळा पट्टा, खांदेकऱ्यांचा मान, डाव्या हातानंच सोडला. "देवळात पोचवाल?"

पट्टा तिनं स्वतः पोचवला. दुसऱ्या दिवशी पालखी दवाखान्यावरून गेली तेव्हा निम्म्या गावानं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ती दारातच उभी राहिली. आत गेली नाही.

बो-शेंगचा हात हॉस्पिटलात दोनदा उघडून साफ करावा लागला. पण वाचला. करंगळी तेवढी पुरती मिटत नाही.

पाच आठवड्यांनी बो-शेंग पिशवी घेऊन आला. "कालवं आहेत. डाव्या हातानं फोडलीत, तेव्हा कचकच लागेल."

"हात दाखवा."

त्यानं बाही सारली. कोपराच्या वर एक ताजी शाईची रेघ होती.

"ही कुणी ओढली?"

"मीच. पहिल्या दिवशी मनगटाशी होती. रोज थोडी वर चढते."

"काय चढतंय?"

"ताप नाहीये, डॉक्टरीणबाई... तुम्हीच ओळखा." त्याचे कान तांबडे झाले होते. "देवळात मी पुन्हा कौल लावला."

"पुढच्या पालखीचा?"

"नाही. तुमचा."

"आणि?"

"देवी म्हणाली, मला काय विचारतोस, तिला विचार."

यी-रूनं त्याचा केसपेपर पुढे ओढला. "मी रोग्यांबरोबर जेवत नाही," ती म्हणाली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं — जखम भरली. उपचार बंद. खाली सही केली. मग तेच पेन घेऊन त्याचा हात तळव्यावर घेतला, जरा जास्तच वेळ, आणि रेघेशेजारी लिहिलं — ६.००.

"सहाला काय?"

"दवाखाना बंद होतो. शेवयांच्या रश्शात घालू ही कालवं. पण निवडणार मी. तुमच्या हातच्या शिंपा माझ्या दाताखाली नकोत."

पडद्याआडून लियेनमावशींचा आवाज आला.

"डॉक्टर, आता देऊ का यांना चहा?"