पिठावरची पावलं

शासकीय चित्रस्मृती भवनाच्या फीतकोठडीत इतकी थंडी होती की चंद्राक्कांनी पदर कानांवर ओढला.

"मढं ठेवल्यासारखा ठेवलाय की सिनेमा!"

"थंडीत फीत टिकते, आक्का," संशोधक डॉ. केतकी सबनीस म्हणाल्या.

साल २०४१. बावन्न वर्षांपूर्वी सरकारने चंद्राक्कांच्या गावावर सिनेमा काढला होता, चालीरीती जपायला. त्यात खरं लग्न हवं होतं, म्हणून त्यांचंच चित्रित केलं. गावची रीत अशी की, पाठवणीला उंबऱ्याबाहेर पीठ पसरायचं आणि नवरीने घराकडे तोंड करून मागे मागे चालत निघायचं. लेक जाते, पण पावलं माहेराकडे वळलेली राहतात. दिग्दर्शक म्हणाला, नुसती पाठच दिसतेय, चेहरा हवा. मग चंद्रा दुसऱ्यांदा निघाली, पुढे तोंड करून. सिनेमात तेच गेलं. शाळाशाळांतून दाखवलं गेलं आणि गावाने आपली रीत सिनेमाकडून शिकून घेतली!

परवा नातीचं, रेवाचं लग्न होणार होतं. मागे चालायचं म्हटल्यावर पोरगी हसली. गाव म्हणालं, म्हातारीला भ्रम झालाय, सरकारी सिनेमा काय खोटा? पुरावा एकच होता, सिनेमात न घेतलेली ती पहिली फीत. ती इथे सापडली होती.

"खराब होती. यंत्राने दुरुस्त केलीय," सबनीसांनी पडदा उजळवला.

नवरी सरळ चालत घरात शिरली. दारात दिवा घेतलेली बाई रडत होती. खालची ओळ चंद्राक्कांनी अक्षर अक्षर लावून वाचली. 'सुनेचं स्वागत करताना सासू.'

"सासू? अगं बाई, ही माझी आई! आणि स्वागताला कोण असं रडतं?"

"यंत्राने आनंदाश्रू धरले असतील..." सबनीसांचा चेहरा उतरला. "काही फिती उलट्या गुंडाळलेल्या येतात. आमचा दिशाशोधक त्या ओळखून सुलट्या करतो. तुमच्या भागातल्या हजारो पाठवण्या दाखवून त्याला शिकवलंय."

"कधीच्या?"

"गेल्या चाळीस वर्षांतल्या."

"म्हणजे सगळ्या सिनेमातल्या माझ्या चुकीच्या चालीच्या!"

"हो. नवरी मागे चालतेय म्हटल्यावर त्याला फीतच उलटी वाटली."

"मूळची आण."

"ती आंबली होती. आंबलेली फीत बाकीच्यांना नासवते. दुरुस्तीनंतर नष्ट करतात, नियमच आहे."

"एवढी शिकलीस आणि बुरसलेलं लोणचं फेकावं तशी माझी आई फेकलीस?"

सबनीस यंत्राकडे वळल्या. मग त्या घाईने म्हणाल्या, "थांबा, आक्का. हीच उलटी चालवते. आपोआप मूळचं दिसेल."

दिसलं. चंद्रा घराकडे तोंड करून मागे मागे निघाली. चंद्राक्कांनी टाळी वाजवली. "आता हसू दे रेवाला!"

हात तसेच जुळलेले राहिले. पडद्यावर पिठात पावलं आधीपासूनच होती. चंद्राचा पाय त्यांवर पडे आणि उचलला की ठसा नाहीसा, पीठ सपाट.

"हे काय गं?"

"यंत्राने पहिल्यांदा फीत उलटवली तेव्हा पाय पडण्याआधीच ठसे दिसत होते," सबनीस कशाबशा बोलल्या. "यंत्राला ते अशक्य वाटलं. त्याने ते पुसले आणि प्रत्येक पावलामागे नवे काढले. आता तेच उलटं..."

नवरी पडद्याबाहेर गेली. दारातली बाई दिवा खाली धरून वाकली. समोर कोरं पीठ.

"आई शोधतेय गं," चंद्राक्का म्हणाल्या. "माझी पावलं शोधतेय."