तिसऱ्या इंजिनाचं दार

परळच्या त्या बंद शेडमध्ये मानसी गेली ती फक्त एक आकडा वाचायला. गोदीतल्या मालगाड्या ओढायला शंभरेक वर्षांपूर्वी मागवलेली पाच बुटकी वाफेची इंजिनं. त्यांचा इतिहास ती लिहीत होती. चार भंगारात गेली होती. उरलेलं पाचवं इथं उभं होतं. भरदुपार असूनही आत काळोख होता. जुन्या तेलाचा आणि ओल्या राखेचा वास नाकात बसत होता.

सोबत करी रोडचे गुणाजी परब होते. निवृत्त फिटर. त्यांचे वडील याच इंजिनांवर फायरमन होते, भट्टीत कोळसा टाकणारे.

मानसीनं टॉर्च मारला. भट्टीच्या लोखंडी दारावर आकडा होता... तीन.

"काका, तिसऱ्याचं दार पाचव्याला कसं?"

"एकाचा भाग दुसऱ्याला लावायचे गो. तिसरं मोडलं, दार पहिल्याला गेलं. मग चौथ्याला, शेवटी ह्याला. पण दार लागलं की ते इंजिन वर्षभरात बंद पडायचं. चढायलाच कुणी तयार नसायचं."

"का?"

गुणाजी दारापासून एक पाऊल मागं सरले.

"विठू म्हणून एक पोऱ्या होता. तिसऱ्याची भट्टी साफ करायला आत शिरला, तिथंच डोळा लागला असेल. बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी भट्टी पेटवायला तेलाचे पेटते बोळे टाकले... दार लावलं. शेडमधल्या ठोकाठोकीत ऐकू कसं येणार?"

ठक्.

आवाज दाराच्या आतून आला होता.

"काका, चला... निघू या."

पण गुणाजी पुढं सरकले. कडीला हात लागताच ते कळवळले. मानसीनं दाराजवळ तळवा नेला आणि झटकन मागं घेतला. पन्नास वर्षं विस्तव न पाहिलेलं लोखंड तापलेलं होतं.

ठक्... ठक्...

"विठू," गुणाजी दाराशी वाकून म्हणाले, "माझ्या बापाच्या हातून चूक झाली रे. ये... बाहेर ये."

सदऱ्याचं टोक हाताला गुंडाळून त्यांनी कडी ओढली. दार करकरत उघडलं. आत गार राख होती, दुसरं काही नाही. दोघं धडपडत उन्हात आले, ते मागं वळून न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच गुणाजींचा फोन आला. ते कुजबुजत होते.

"बाय... आमच्या जिन्यावर राखेची पावलं उमटलीत. अनवाणी. खालपासून थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत आलीत..."

"आणि?"

"परत गेलेली दिसत नाहीत."