मुदखेडच्या फलाटावर

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मंजुश्री माझी सख्खी मावसबहीण. तिनं रडत रडत सांगितलं, तसंच लिहितोय.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. लातूर.

मंजुश्री उदगीरची. डॉक्टर व्हायचं म्हणून लातुरात हॉस्टेलवर राहून क्लास करत होती. सकाळचा क्लास सुटला की जेवून जरा आडवी व्हायची.

त्या झोपेत तिला रेल्वेचा एक फलाट दिसायचा. पाटीवर नाव... मुदखेड.

ती जन्मात कधी मुदखेडला गेली नव्हती.

बाकड्यावर रुद्रेश बसलेला असायचा. क्लासमधला, मागच्या बाकावरचा. जागेपणी दोघं कधी बोललेही नव्हते.

एका दुपारी स्वप्नात त्यानं तिला अर्धा पेरू दिला.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या जिन्यात तो थांबला. मान खाली घालून म्हणाला, "पेरू कच्चा होता का गं?"

तिच्या हातातली बाटली निसटली...

रुद्रेश मुदखेडचाच. त्यालाही रोज तेच स्वप्न पडत होतं.

मग काय, जमलं दोघांचं. क्लासमध्ये एकमेकांकडं बघायचं नाही, अन् दुपारी फलाटावर पोटभर बोलायचं. निकाल लागला की घरी सांगायचं, असंही ठरलं.

संक्रांतीला रुद्रेश गावी निघाला. वाटेत त्याच्या जीपला ट्रकनं उडवलं.

तो जागीच गेला.

क्लासमध्ये सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मंजुश्रीही राहिली. तिला चारचौघांत रडताही येईना. तो आपला कोण होता, हे ती कुणाला सांगणार?

चार दिवस तिला झोपच आली नाही. पाचव्या दुपारी उशीत तोंड खुपसून रडता रडता तिचा डोळा लागला.

तोच फलाट.

पण आवाज नव्हता. चहावाल्याचे ओठ हलत होते... गाडी आली, गेली... सगळं चिडीचूप.

अन् बाकड्यावर रुद्रेश.

"मी रोज क्लासला येऊन राहिलो," तो म्हणाला. "तुझ्या शेजारी उभा राहतो. तू बघत बी न्हाईस. माझं काय चुकलं?"

त्याला माहीतच नव्हतं.

तिची जीभ रेटेना. "तब्येत बरी न्हाई," म्हणाली.

त्यानंतर क्लासमध्ये मागचा रिकामा बाक करकरायचा... मंजुश्री वळून बघायची नाही.

दुपारी तो पुन्हा विचारायचा. रोज जास्तच केविलवाणा. "कुणीच बोलंना माझ्याशी. तू तरी सांग."

शेवटी तिला बघवेना.

"रुद्रेश... ती जीप घरी पोचलीच न्हाई रे."

त्यानं रुळांकडं पाहिलं.

"आईला म्हाईत हाय का?"

"हाव."

तो उठला. फलाटाच्या टोकाकडं चालत गेला. मागं वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून तिला स्वप्न पडलं नाही.

तिला राहवेना. ती मुदखेडला गेली, त्याचं घर शोधलं. क्लासमधली मैत्रीण म्हणून सांगितलं. त्याच्या आईनं, गंगम्मानं, चहा ठेवला अन् हळूच विचारलं, "तू मंजुश्री का? तुझं सांगायचा तो."

"कधी, काकू?"

"आता... गेल्यावर."

मंजुश्री तिच्याजवळ सरकली.

"दुपारी डोळा लागला की यायचा. भाकर मागायचा. पोराला ठाऊकच न्हाई बघ, आपण गेलो म्हणून. म्या बी सांगितलं न्हाई. तेवढाच रोज दिसायचा."

मंजुश्रीनं कप खाली ठेवला.

"पण आताशा येईना झाला," गंगम्मा म्हणाली. "कुणी काय बोललं का त्याला, काय की..."

 मंजुश्री तशीच उठून निघाली. जाता जाता गंगम्मानं तिचा नंबर तेवढा घेतला.

आता ती उदगीरलाच असते. क्लास कायमचा सुटला. दुपारी दार लावून झोपते. काही दिसत नाही.

संध्याकाळी मात्र गंगम्माचा फोन येतो.

"आला का गं तुझ्याकडं?"

"न्हाई, काकू."

मग दोघीही फोन ठेवत नाहीत. नुसत्या धरून बसतात...